अक्काच्या गाडीचा विमा

गाडी दारात उभी होती, चावी दाजींच्या हातात होती, आणि दाजी म्हणजे उभ्या जन्मात गाडी चालवण्यापलीकडं दुसरं काही न केलेला माणूस. तरीही माझी बहीण गेली. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं दाजींच्या विमा शोधण्याच्या गमती ऐकून तुम्ही हसाल, आणि मग मला तुमचा राग येईल. मला राग लवकर येतो. भिंगारला आमची पिठाची गिरणी आहे. दिवसभर त्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळं मी साधं बोलले तरी लोकांना वाटतं, बाई भांडतेय. या गोष्टीत मात्र मी खरोखरच भांडतेय. कुणाशी, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

दाजी म्हणजे सूर्यभान, माझ्या थोरल्या बहिणीचा, केशरअक्काचा नवरा. गाव पारनेर तालुक्यातलं, पण सगळी नोकरी भिंगारला लष्कराच्या डेपोत झाली. सिव्हिलियन ड्रायव्हर होते, ट्रक चालवायचे. तिथली शिस्त अशी की चिठ्ठीवर सही झाल्याशिवाय गेटमधून चाक हलायचं नाही, मग आत साहेब बसलेला असो नाहीतर बटाट्याची पोती. बाकीचे ड्रायव्हर संध्याकाळी ती शिस्त गेटवर ठेवून घरी यायचे. आमचे दाजी ती घरी घेऊन आले. सायकलवर कधी डबल सीट बसवलं नाही. सिग्नल लाल असला की चारी रस्ते रिकामे असले तरी थांबणार, आणि मागचे शिव्या देणार. मी त्यांना चिडवायचे, दाजी, श्वास घ्यायचं परमिट काढलंय ना? ते नुसतं हसायचे. चांगला माणूस. इतका चांगला की कधी कधी भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

रिटायर झाल्यावर दोघं गावाकडं वस्तीवर राहायला गेली. पाऊस झाला तर मूग-बाजरी, नाही झाला तर पेन्शन. अक्काचे गुडघे तोवर पार गेले होते. वस्तीपासून एसटीचा फाटा लांब, त्यातून चढ. लेक सुकन्या श्रीगोंद्याला दिलेली. तिच्याकडं जायचं म्हटलं की अक्का आधीपासूनच गुडघ्यांना तेल चोळत बसायची. ते बघवेना म्हणून दाजींनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. घेतली ती अक्काच्या नावावर. गाडीचा एजंट म्हणाला, काका, लायसन तुमचं, चालवणार तुम्ही, मग नाव काकूंचं कशाला? दाजी म्हणाले, घर माझ्या बापाच्या नावावर, जमीन माझ्या नावावर, हिच्या नावावर जन्मात एखादी तरी वस्तू असू दे. अक्काला हे कळलं तेव्हा ती लाजली. साठीला आलेली बाई, नातवंडांची आजी, लाजून आत गेली आणि चहात साखर टाकायची विसरली. मी होते तिथं. तो चहा दाजी काही न बोलता पिऊन गेले.

गाडीत अक्का पुढं बसायची. पदर नीट घेऊन, मांडीवर पिशवी, एका हातानं वरची कडी घट्ट धरलेली. चाळीसच्या वर दाजी कधी जात नसत, तरी ही प्रत्येक वळणावर हळू म्हणणार आणि ते हूं म्हणणार. असा दोघांचा संसार त्या गाडीत पुन्हा नव्यानं सुरू झाला होता. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. आमचे हे मला स्कूटरवर बसवतात ते सुद्धा गिरणीचा पट्टा आणायला.

मग श्रीगोंद्याहून येताना उसाच्या एका ट्रॉलीनं गाडीची डावी बाजू घासत नेली. कुणाला लागलं नाही, दार चेपलं आणि आरसा गेला. फुल विमा होता म्हणून दाजी निर्धास्त होते. पण कंपनीनं आज हा कागद, उद्या तो कागद करत गाडी गॅरेजातच अडकवून ठेवली. शेवटी म्हणाली की प्लॅस्टिकच्या वस्तूंचे अर्धेच मिळतात, ते पॉलिसीत लिहिलेलं आहे, तुम्ही वाचलं नाही. वाचलं नाही म्हणे! औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरंसुद्धा न सोडणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. कागद इंग्रजीत, आणि एजंटानं 'काका, सगळं बसतंय यात' म्हणून सही घेतलेली. दाजी चिडले की ओरडत नाहीत, जेवण सोडतात. दोन वेळा उपाशी राहिले आणि मग जाहीर केलं की पुढचा विमा या कंपनीचा नाही. सगळ्या कंपन्या बघायच्या, पारखायच्या आणि मग एक धरायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. आमच्या दाजींनी ताकाची चौकशी करायला गावं पालथी घातली.

विमाच नको, असं मात्र त्यांच्या मनात चुकूनही आलं नसतं. त्याला कारण वैजनाथ. हा पलीकडच्या वस्तीवरचा, टेम्पो चालवायचा. त्याच्या टेम्पोचा विमा संपला, बघू चार दिवसांनी म्हणाला, आणि त्या चार दिवसांतच एका शाळामास्तरांना टेम्पोची धडक बसली. मास्तर कायमचे अंथरुणाला खिळले. भरपाई सगळी वैजनाथच्याच डोक्यावर आली. त्याच्या तारखांना दाजी सोबतीला जायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात मास्तरांची बायको समोरच्या बाकावर बसलेली असायची, कुणाशी एक शब्द न बोलता. दाजींना पैशापेक्षा ती बाई जास्त लागली होती. आपल्या चाकाखाली कुणी आलं आणि त्याला द्यायला आपल्याकडं काही नसलं, तर त्या बाईपुढं बसायचं कसं, असं ते घरी येऊन अक्काला विचारायचे. अक्का मान हलवायची. ते तिच्या डोक्यात पक्कं बसत चाललं होतं. किती पक्कं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

जुना विमा संपायला काही महिने होते तेव्हाच पारख सुरू झाली. सुकन्यानं मोबाईलवर एका ठिकाणी गाडीचा नंबर टाकला, मालकाचं नाव टाकलं आणि वडिलांचा फोन नंबर दिला. तिथं म्हणे सगळ्या कंपन्यांचे भाव एकाखाली एक दिसतात. भाव दिसले, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनचा भडिमार सुरू झाला. कुठल्या कुठल्या गावांहून पोरी बोलायच्या. गाडी अक्काच्या नावावर, तेव्हा प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला, "केशरबाई मॅडम आहेत का?"

अक्का आधी घाबरली. तिला वाटलं, कुणी लुबाडायला बसलंय. मग सवय झाली, आणि मग खरं सांगते, तिला त्याची गोडी लागली. त्या बाईला आयुष्यात कुणी नावानं हाक मारली नव्हती. माहेरी अक्का, सासरी सूर्यभानची बायको, पुढं सुकन्याची आई. दाजी तर 'अगं ऐकलं का'च्या पुढं कधी गेले नाहीत. आणि आता परगावच्या शिकलेल्या मुली तिला नावानं विचारतात, वर मॅडम म्हणतात. फोन वाजला की ती पिठाचे हात तसेच घेऊन यायची आणि दाजींनी फोन तिच्या कानाला धरायचा. आधी ती त्या मुलीलाच विचारायची, बाळा जेवलीस का, गाव कोणतं, पाऊसपाणी कसं हाय. मग म्हणायची, काय मिळतं ते राहू दे, काय मिळत न्हाई ते आधी सांग. बहुतेक पोरी गडबडून जायच्या. कुणी फोन ठेवायची, कुणी पुन्हा पहिल्यापासून तीच पोपटपंची सुरू करायची. अक्का फोन ठेवून दाजींना निकाल द्यायची की ही कंपनी नको, हिला ऐकून घ्यायची सवय नाही.

दाजींची तऱ्हा निराळी. ते गॅरेजं हिंडायचे. सुपा झालं, केडगाव झालं, भिंगारला तर माझ्याकडं मुक्काम ठोकून सगळी झाली. जिथं अपघाताच्या गाड्या विम्याच्या मंजुरीची वाट बघत उभ्या असतात तिथं जायचं, मेकॅनिकला विचारायचं ही कोणत्या कंपनीची, आणि बॉनेटवरून बोट फिरवायचं. धूळ किती बसलीय त्यावरून कंपनीनं गाडी किती लटकवलीय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. केडगावला मी एकदा बरोबर होते. गॅरेजवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, ताई, काकांना गाड्या पुसायचं काम पाहिजे का? मला हसू आवरेना. दाजी मात्र बोट रुमालाला पुसत गंभीरपणे म्हणाले की या कंपनीची धूळ पातळ आहे. गिरणीत दळणाला येणाऱ्या बायकांना हे सांगून मी किती दिवस हसवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असंही म्हणाले होते. गंमत म्हणून म्हणाले होते.

शेवटी दोघांचं एका कंपनीवर एकमत झालं. दाजींना तिची धूळ पातळ सापडली होती आणि अक्काला तिथली एक मुलगी पसंत पडली होती, नाशिककडची. त्या मुलीनं अक्काच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं. गाडी पाण्यात अडकली आणि तुम्ही तशीच चालू केली तर इंजिनाचं काही मिळणार नाही, दारू पिऊन चालवली तर काहीच नाही, टायरचे सगळे पैसे मिळतील असं समजू नका. अक्का म्हणाली, हीच. एवढं हिंडून, एवढं ऐकून, भांडून ठरलं. आता फक्त पैसे भरायचे राहिले होते. आणि पितृपंधरवडा लागला.

पितरांत आपल्याकडं नवीन काही करत नाहीत. सोनं घेत नाहीत, सोयरीक ठरवत नाहीत, गाडी आणत नाहीत. गाडीचा विमा यात कुठं बसतो ते कोणत्याच पंचांगात लिहिलेलं नाही. जुन्याच कंपनीकडं पुन्हा भरला असता तर अक्का चकार शब्द बोलली नसती, ते चालू काम. पण नवी कंपनी म्हणजे नवी सोयरीक, असं तिनं ठरवलं. एवढी पारखून केलेली, ती पितरांत कशाला सुरू करायची, घट बसले की पहिल्याच दिवशी भरू. दाजी म्हणाले, जुना विमा या आठवड्यात संपतोय, मधले दिवस उघडे पडतात. अक्का म्हणाली, मग तेवढे दिवस गाडी काढायचीच नाही, झालं. दाजींना ते पटलं. पटणारच. विमा संपला त्या दिवशी त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरीनं आवळून बांधली, आणि मला फोन करून मोठ्या समाधानानं सांगितलं की आता गाडी एकदम घटस्थापनेलाच निघेल. मीसुद्धा बरं म्हणाले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नवमी आली. दाजींची आई सवाशीण गेलेली, म्हणून तिचं पित्तर नवमीला असायचं, आणि त्या दिवशी एक सवाशीण जेवू घालतात. अक्कानं त्या वर्षी मला बोलावलं. मी पोचले तर तिनं एकटीनं सगळा स्वयंपाक उरकत आणलेला. खीर, कढी, वडे, अळूच्या वड्या, गवार, भोपळा. मी पदर खोचला तर म्हणाली, तू आज सवाशीण, तू बसून राहायचं. कावळ्यानं घास लगेच उचलला. अक्का म्हणाली, सासूबाई जिवंतपनी एवढ्या लवकर कदी जेवल्या न्हाईत. आम्ही हसलो. तिनं माझी ओटी भरली, खण दिला, आम्हाला वाढलं आणि मागून आपण जेवली. मग भांड्यांना हात घातला आणि तशीच थांबली. म्हणाली, छातीत जळजळतंय गं, वड्यांचं तेल बाधलं वाटतं.

मी ओवा आणून दिला. तो चावता चावता तिनं डावा खांदा धरला. मी कपाळाला हात लावला तर गार घाम. मी ओरडले. दाजी आले, एकदा तिच्याकडं बघितलं आणि गाडीकडं धावले. गाठी सुटेनात म्हणून त्यांनी विळ्यानं दोऱ्या कापल्या, ताडपत्री ओढून टाकली, गाडी चालू करून अगदी दाराशी आणून लावली आणि पुढचं दार उघडलं. मी अक्काला धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथं ती थांबली.

"विमा न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणाले, "चुलीत घाल तो विमा. बस गाडीत."

"तू गप. रस्त्यात कुनी आडवं आलं तर ह्यांना जन्मभर त्या बाकावर बसावं लागंल. हे त्यानं मरून जातील." मग ती दाजींना म्हणाली, "कानिफला फोन करा. त्याची जीप येतीच हाय बाजारातनं. मला बरं वाटाय लागलंय."

कानिफनाथ म्हणजे त्यांचा शेजारी. त्याला फोन लावला, तो म्हणाला निघालोच. ॲम्ब्युलन्सला लावला, तीही निघाली होती. दाजी गाडीत बसलेले, इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. मी त्यांना काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. नवरा म्हणून, जावई म्हणून, माणूस म्हणून, काही शिल्लक ठेवलं नाही. अक्का उंबऱ्यावर टेकली होती. तिच्या तोंडावर खरंच जरा रंग आला, ती माझ्याकडं बघून हसली, पाणी मागितलं. मला वाटतं, तिनं मुद्दाम हसून दाखवलं. उभ्या जन्मात दाजींनी दोघांचंच ऐकलं होतं, कागदाचं आणि अक्काचं, आणि त्या दुपारी दोघं एकच सांगत होते. दाजींनी गाडी बंद केली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आम्ही शाळेत घोकलं होतं. बंद गाडी दारात, आणि आम्ही तिघं दुसऱ्या गाडीच्या वाटेकडं डोळे लावून बसलो होतो. मग अक्काच्या हातातला तांब्या सुटला आणि तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

तेव्हा मात्र दाजींनी कुणाला विचारलं नाही. तिला उचललं, पुढच्या सीटवर ठेवलं, मी मागच्या सीटवरून तिचे खांदे धरले, आणि ते निघाले. चाळीसच्या वर न जाणारा माणूस कसा चालवत होता ते मी बघितलं. आणि काय सांगू तुम्हाला, पारनेरपर्यंतच्या त्या सगळ्या रस्त्यात एक कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. बाजाराचा दिवस असून रस्ता मोकळा. कुणाला धक्का लागला नाही, कुठं पोलीस नव्हता, कुणी कागद मागितला नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. मग त्यांनी दाजींच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

अक्काला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नवमीला गेली, नवऱ्याच्या आधी गेली, सोनं झालं बाई, असं आयाबाया एकमेकींना सांगत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, असलं सोनं तुमच्या घरी घेऊन जा. आमच्या ह्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. बायकांचं काही चुकलं नव्हतं, तसं बोलायची रीतच आहे. पण माझी बहीण नवऱ्याला कोर्टात बसावं लागू नये म्हणून मेली होती, आणि ते नशीब आहे असं मला कुणी सांगायला नको होतं. दाजी रडले नाहीत. सुकन्या त्यांच्या गळ्यात पडून आक्रोश करत होती, ते तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि गाडीकडं बघत होते.

घट बसायचा दिवस आला. आम्हाला सुतक, आमचे घट नव्हते. आणि सकाळीच दाजींचा फोन वाजला. कबूल केल्याप्रमाणं त्या नाशिकच्या मुलीनं बरोबर त्याच दिवशी फोन केला होता. घरात सगळे शांत, त्यामुळं तिचा आवाज मलाही ऐकू आला, केशरबाई मॅडम आहेत का? दाजींनी एकदा चुलीकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या भाईर गेल्यात." आणि फोन हळूच खाली ठेवला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या जिभेवर तो शब्द अजून येत नसेल. मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं.

पुढं सुकन्याच्या नवऱ्यानं धावपळ केली. बँक, रेशनकार्ड, मतदार यादी, सगळीकडून अक्काचं नाव कमी झालं. दाजी प्रत्येक ठिकाणी स्वतः गेले आणि जिथं सही लागली तिथं केली. कागद खरा पाहिजे, हे त्यांचं जुनंच. गाडी तेवढी राहिली. पारनेरहून कुणीतरी ती आणून लावली, त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दोऱ्या नव्हत्या म्हणून वर दगड ठेवले. सुकन्या म्हणायची, अण्णा, विकून टाका, मला ती बघवत नाही. ते हूं म्हणायचे आणि विषय तिथंच राहायचा. माझ्याशीही ते नीट बोलायचे, दळण आलं का, पट्टा बदलला का, सगळं विचारायचे. त्या दुपारी मी त्यांना जे बोलले त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, एकदा तरी मला शिवी द्यावी या माणसानं.

वर्ष होत आलं तशी मी वर्षश्राद्धाचं बघायला वस्तीवर गेले. दाजी ओट्यावर बसून फोनवर बोलत होते. गळ्याची हाडं वर आलेली, पण आवाज ताजातवाना. नगरला तुमची किती गॅरेजं, नुकसान बघायला सर्व्हेयर कुठून येतो, गाडीची किंमत किती धरता, असं अगदी खोदून खोदून विचारत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस मार्गाला लागला, विमा काढून गाडी तरी हलवेल. मी पायरीवर चप्पल काढत होते तेवढ्यात पुढचं ऐकलं. ते म्हणत होते, "मॅडम सैपाकात हायेत. मला सांगा, मी तिला विचारतो आन उद्या कळवतो."

त्यांनी फोन ठेवला आणि मला बघून आत पाणी आणायला गेले, जसं काही झालंच नाही. मी मागोमाग आत गेले. चूल गार, एका ताटात सकाळची अर्धी भाकरी झाकलेली. मी विचारलं, दाजी, हे काय चाललंय? त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की वर्षभर हेच चालू होतं. ज्या ज्या कंपनीचा फोन येईल तिच्याशी ते बोलायचे, सगळं विचारून घ्यायचे, हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. मॅडम शेतात गेल्यात, मॅडम लेकीकडं गेल्यात, मॅडम झोपल्यात. पुन्हा फोन करा.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा माणूस असाच त्या फोनपाशी बसून संपणार, आणि मला बहिणीमागं दाजींचाही दहावा बघावा लागणार. तेवढ्यात ओट्यावर फोन पुन्हा वाजला. दाजी उठायच्या आत मी तो उचलला. पलीकडं कुणी कोवळ्या आवाजाची मुलगी होती. तिनं केशरबाई मॅडम आहेत का म्हणून विचारलं.

मी गिरणीतल्या आवाजात म्हणाले, "न्हाईत. वारल्या. वर्ष झालं. त्यांच्या गाडीला कुणाचाच विमा नको. पुन्हा फोन करू नका."

मुलगी चाचरत म्हणाली, "सॉरी मॅडम, मला माहीत नव्हतं. मी आमच्या यादीतून त्यांचं नाव कमी करते. परत फोन येणार नाही." मी म्हणाले, करा. आणि वळून बघितलं. दाजी दारात उभे होते. अक्काच्या चितेपाशीसुद्धा ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं, त्यांच्या हनुवटीवरून पाणी खाली गळत होतं.

"चांगुणा, कमी करू नको म्हन तिला," ते म्हणाले. "तिला नावानं इचारनारं आता दुसरं कुनीच न्हाई."

फोन केव्हाच कट झाला होता. मी तो तसाच कानाला लावला आणि म्हणाले, "बाई, राहू दे गं ते नाव."